भरवसा जॅम होतो तेव्हा

भारतीय नौदलाच्या जहाजांवर शत्रूच्या रडारची चाहूल घेणाऱ्या एका यंत्रणेचे नाव ‘अजंता’ आहे आणि दुसरीचे ‘एलोरा’. ज्याचे वडिलोपार्जित शेत सिल्लोड तालुक्यात आहे आणि ज्याने छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात वर्षानुवर्षे रडार शिकवले, अशा माझ्यासारख्या माणसाला ही नावे वाचून बरे वाटावे, यात नवल नाही. आमच्या मुलखाला समुद्र नाही, पण समुद्रावरच्या जहाजाचे कान आमच्या लेण्यांच्या नावाने ओळखले जातात. मात्र या यंत्रणांविषयी वाचत गेलो तेव्हा एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. आमच्या अभ्यासक्रमात रडारचे समीकरण होते, जॅमिंगचे, म्हणजे रडार गोंगाटाने बुजवण्याचे, गणित होते, ‘बर्न-थ्रू’चे अंतर काढायला सांगणारा हमखास प्रश्न होता, पण या सगळ्याच्या शेवटी पडद्यासमोर जो माणूस बसतो, त्याच्याविषयी एकही ओळ नव्हती. लक्ष्यावरून परतणारा प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतो आणि जॅमरचा आवाज वर्गाने, म्हणून दूर असताना जॅमर जिंकतो आणि जवळ आल्यावर रडार, हे आमचा कोणताही विद्यार्थी झोपेतही सांगेल. पण रात्री तीन वाजता, चार तासांच्या वॉचच्या, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीच्या, शेवटी, त्याच पडद्यावर एक अनोळखी खूण उमटली तर तिच्याकडे बघणारा माणूस काय करेल, हा प्रश्न पेपरात कधी आला नाही.

इलेक्ट्रॉनिक वॉरफेअर म्हणजे लहरींच्या पातळीवर चालणारी झटापट. शत्रूचे रडार आणि रेडिओ ऐकायचे, ते बिघडवायचे किंवा फसवायचे, आणि तोच डाव आपल्यावर आला तर आपले कान-डोळे वाचवायचे, अशी तिची तीन अंगे आहेत. यांतले पहिले अंग वरवर अगदी सोपे वाटते, पण माणसाची खरी कसोटी तिथेच लागते. विमानावरचा किंवा जहाजावरचा रिसीव्हर सेकंदाला लाखोंच्या संख्येने येणारे स्पंद, म्हणजे रडारच्या लहरींचे छोटे ठोके, झेलतो. कोणता स्पंद कोणत्या दिशेने आला, त्याची वारंवारिता किती, रुंदी किती, दोन स्पंदांमधले अंतर किती, हे मोजून एकमेकांत गुंतलेल्या लडी तो सोडवतो आणि प्रत्येक लडीला आपल्या साठवणीतल्या यादीशी, म्हणजे थ्रेट लायब्ररीशी, ताडून पाहतो. जुळणी झाली की पडद्यावर एक चिन्ह उमटते आणि कानात एक सूर वाजतो. माणसापर्यंत पोहोचते ते एवढेच. लाखो स्पंदांपासून त्या एका चिन्हापर्यंत यंत्राने किती निर्णय घेतले आणि त्यांतल्या किती ठिकाणी ते अडखळले, हे चिन्ह सांगत नाही.

हे काम यंत्रावर सोपवण्यावाचून गत्यंतर नाही, हे आधीच मान्य करायला हवे. माणूस सेकंदाला लाख स्पंद मोजू शकत नाही. पाण्याला लागून येणारे एक्झोसेटसारखे क्षेपणास्त्र जवळपास ध्वनीच्या वेगाने येते आणि क्षितिजाच्या आडून डोके वर काढल्यावर जहाजाच्या हाती दीड मिनिटाच्या आतबाहेरचा वेळ उरतो. त्यात ओळख पटवणे, वरिष्ठांना कळवणे, चॅफ (रडारला चकवणाऱ्या धातूच्या पट्ट्या) सोडणे आणि जहाजाचे तोंड वळवणे हे सगळे बसवायचे असते. माणसाच्या सावधपणालाही मर्यादा आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे रडार ऑपरेटर पाणबुड्यांच्या खुणा का चुकवतात, या प्रश्नातून मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक प्रयोग रचला आणि 1948 मध्ये तो प्रसिद्ध केला. घड्याळासारख्या कोऱ्या तबकडीवर एक काटा टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो, मधूनच कधीतरी दुप्पट उडी मारतो, आणि ती उडी दिसली की बटण दाबायचे. एवढ्या साध्या कामात पहिला अर्धा तास संपतो न संपतो तोच माणसे उड्या चुकवू लागली. ती आळशी नव्हती. क्वचित घडणाऱ्या गोष्टीकडे सतत टक लावून बसणे मेंदूला जमत नाही, एवढेच त्यातून दिसले. म्हणून ‘पूर्वीची माणसे बरी होती, आता सगळे मशीनवर आले’ हा सूर मला मान्य नाही. पूर्वीची माणसेही डुलक्या घेत होती.

तरीही जुन्या काळातला माणूस काय करत होता, हे पाहण्यासारखे आहे. 1943 च्या जुलैमध्ये हॅम्बुर्गवरच्या हल्ल्यात ब्रिटिशांनी ‘विंडो’ नावाने धातूच्या पातळ पट्ट्यांचा पाऊस पाडला, तेव्हा जर्मन रडारांच्या पडद्यांवर नुसता गदारोळ माजला. पुढे काही काळाने तरबेज जर्मन ऑपरेटर त्या गदारोळातूनही खरे विमान हुडकू लागले, कारण पट्ट्या वाऱ्यावर तरंगतात आणि विमान वेगाने पुढे जाते, हा फरक यंत्राच्या मदतीने, आणि पुष्कळदा नुसत्या सरावलेल्या डोळ्याने, टिपता येतो. व्हिएतनामच्या युद्धात क्षेपणास्त्रतळांचा माग काढण्यासाठी अमेरिकेने 1965 च्या अखेरीस ‘वाइल्ड वीझल’ विमाने पाठवली. ती मुद्दाम दोन आसनांची होती. पुढे वैमानिक बसे आणि मागे लहरी ऐकून त्यांचा अर्थ लावणारा अधिकारी. पुढच्या पिढीतल्या प्रॉलर या जॅमिंग-विमानात चार माणसे होती, एक वैमानिक आणि तीन इलेक्ट्रॉनिक अधिकारी. त्याची जागा घेणाऱ्या ग्राउलरमध्ये दोनच आहेत. उरलेल्या दोन खुर्च्यांचे काम सॉफ्टवेअरकडे गेले. ते काम गेले तसे त्या खुर्च्यांवर बसून एकमेकांना ‘अरे, हे जरा विचित्र दिसतंय’ असे म्हणणारी माणसेही गेली, ही नोंद मात्र कोणत्याही तांत्रिक पत्रकात नसते.

माझा भाचा नौदलात याच प्रकारच्या ड्यूटीवर होता. ठरलेली नोकरी पूर्ण करून तो आता लातूरला असतो. जहाज कोणते, यंत्र कोणते, हे तो सांगत नाही आणि मी विचारत नाही. पण वॉच कशी जाते हे मोकळेपणाने सांगतो. समुद्रावर लहरींची गर्दी असते. मालवाहू जहाजांची दिशादर्शक रडारे, मासेमारी नौकांची स्वस्त रडारे, आपल्याच ताफ्याची रडारे, किनाऱ्यावरची, विमानांची, अशी सगळी एकाच वेळी बोलत असतात. “मामा, तिथं शांतता नसतीच,” तो म्हणाला, “आठवडी बाजारात कुणीतरी तुमचं नाव घेतलं का, हे ऐकत बसायचं काम आहे.” यंत्र त्यातल्या बहुतेकांना नावे चिकटवते. प्रश्न उरतो तो नाव चुकीचे चिकटण्याचा किंवा नाव न चिकटण्याचा.

4 मे 1982 रोजी फॉकलंडच्या युद्धात ‘शेफील्ड’ ही ब्रिटिश विनाशिका एक्झोसेटने जळाली आणि वीस नौसैनिक मृत्युमुखी पडले. त्या दिवशी अर्जेंटिनाच्या सुपर एतांदार विमानांनी आपले अगावे रडार क्षणभर चालू केले. शेजारच्या ‘ग्लासगो’ जहाजाने ती चाहूल बरोबर टिपली आणि ताफ्याला इशारा दिला. शेफील्ड मात्र त्या वेळी उपग्रहामार्फत संदेश पाठवत होती आणि त्या प्रसारणाने तिच्या स्वतःच्या रिसीव्हरचे कान बधिर झाले होते. याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. ग्लासगोचा इशारा ताफ्याच्या हवाई संरक्षणाचा समन्वय करणाऱ्यांपर्यंत पोहोचला, पण तशाच प्रकारचे खोटे इशारे आधी येऊन गेले होते, म्हणून तो खरा मानला गेला नाही. चौकशी अहवालाचा पूर्वी दाबून ठेवलेला भाग 2017 मध्ये बाहेर आला तेव्हा हेही कळले की शेफील्डचा हवाई संरक्षण अधिकारी त्या वेळी ऑपरेशन्स रूममध्ये नव्हता. वर्तमानपत्रांनी नेमके तेच उचलले आणि अधिकारी कॉफी प्यायला गेल्याची चर्चा रंगली. मला ती चर्चा उथळ वाटते. एक माणूस जागेवर असता तर कदाचित फरक पडला असता. पण खरा इशारा वेळेवर आला आणि तरी तो निकामी ठरला, याचे उत्तर त्या कॉफीच्या कपात नाही.

त्यानंतर पाच वर्षांनी, 17 मे 1987 रोजी, इराणच्या आखातात ‘स्टार्क’ या अमेरिकी फ्रिगेटवर इराकी विमानाने दोन एक्झोसेट सोडली. सदतीस जण गेले. जहाजावर रडारची चाहूल देणारा रिसीव्हर होता, शेवटच्या क्षणी मारा करणारी स्वयंचलित तोफ होती, चॅफही होता. तोफ स्वयंचलित अवस्थेत ठेवलेली नव्हती, आणि रिसीव्हरचा ऐकू येणारा इशारा ऑपरेटरने बंद ठेवला होता, कारण आखातातल्या गर्दीत तो सारखा वाजत राहायचा आणि दुसरे काम करू देत नसे.

हे वाचले तेव्हा मला दूरचे काही आठवावे लागले नाही. आमच्या शेतात थोरल्या भावाने मक्याभोवती झटका मशीन बसवले आहे. बांबूंवर तारेच्या तीन ओळी, एका कोपऱ्यात सौर पॅनेल आणि बॅटरीचा डबा, आणि तार तुटली किंवा जमिनीला लागली की बोंबलणारा हूटर. मका दुधात आला की रानडुकरांची टोळी रात्रीत अर्धा एकर लोळवते, म्हणून हा खर्च. भाद्रपदात पाऊस लागून राहिला की बांधावरचे गवत वाढून खालच्या तारेला टेकते, पहाटे त्यावर दव पडते, तारेतला झटका गवतातून जमिनीत मुरतो आणि हूटर सुरू होतो. पहिल्या काही रात्री दादा टॉर्च घेऊन बांधाने फिरून आला. नंतर त्याने हूटरची वायर काढून ठेवली. “रात्रभर बोंबलतंय ते. डुक्कर आलं काय, दव पडलं काय, त्याला सगळं एकच,” हे त्याचे म्हणणे होते, आणि त्यात चूक काढायला जागा नव्हती. डब्यावरचा हिरवा दिवा नेमाने लुकलुकत होता. डुकरे आली ती अशाच एका रात्री. पुढच्या हंगामात त्याने तारेतला दाब आकड्यात दाखवणारे यंत्र घेतले. दवाने आकडा हळूहळू उतरतो, तार ओढली गेली की एकदम कोसळतो. आता हूटर पुन्हा जोडलेला आहे, कारण तो वाजल्यावर का वाजला हे उठून बघता येते.

स्टार्कच्या ऑपरेटरला आळशी म्हणणे सोपे आहे. पण साधा हिशोब मांडून बघावा. समजा, यंत्र दिवसाला हजार सिग्नल तपासते आणि शंभरातल्या नव्याण्णव वेळा बरोबर असते. म्हणजे रोज दहा वेळा ते उगीच ओरडेल. खरा हल्ला वर्षातून एकदा होतो असे धरले तर साडेतीन हजारांहून अधिक खोट्या ओरडण्यांमागे एक खरी. नव्याण्णव टक्के अचूक यंत्र निविदेत उत्तम दिसते, आणि त्याच्याच समोर बसलेल्या माणसाच्या दृष्टीने त्याचा इशारा खोटा असणे हीच नित्याची गोष्ट ठरते. त्याने हूटरची वायर काढली तर तो अनुभवातून योग्य तोच धडा शिकलेला असतो. संवेदनशीलता वाढवून हा प्रश्न सुटत नाही, तो अधिक बिकट होतो. इशाऱ्याबरोबर त्याचे कारण आणि त्याची खात्री किती, हे माणसाला दिसले तरच तो दहा खोट्यांतून एक खरा वेगळा काढू शकतो.

याच्या उलट टोकाची उदाहरणेही तितकीच क्लेशकारक आहेत. 3 जुलै 1988 रोजी ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकी क्रूझरने इराण एअरचे 655 क्रमांकाचे प्रवासी विमान पाडले आणि 290 माणसे मेली. जहाजावरची एजिस यंत्रणा त्या काळातली सर्वांत प्रगत मानली जात होती, आणि तिच्या नोंदींनुसार विमान वर चढत होते. तरी ऑपरेशन्स रूममधली माणसे ते खाली झेपावते आहे असे ओरडून सांगत होती. मोठ्या पडद्यावर विमानाची उंची वाढते आहे की घटते आहे हे दिसतच नव्हते. बाजूच्या लहान पडद्यावरचे आकडे आठवणीत धरून माणसाने स्वतः वजाबाकी करायची होती, तीही चकमक सुरू असताना. यंत्राकडे सत्य होते, पण ते माणसाच्या उपयोगाच्या रूपात नव्हते. मार्च 2003 मध्ये इराकच्या युद्धात पॅट्रियट क्षेपणास्त्रयंत्रणेने ब्रिटिश टॉर्नेडो विमानाला रडारवर चालून येणारे क्षेपणास्त्र समजून पाडले आणि त्यातले दोघेही गेले. 2 एप्रिलला अमेरिकी नौदलाचे हॉर्नेट विमान पॅट्रियटनेच तसेच पाडले. या दोन घटनांच्या मधल्या दिवसांत एक अमेरिकी एफ-16 आपल्यावर रडार रोखले गेल्याचा इशारा पाहून सरळ त्या रडारवरच रडारभेदी क्षेपणास्त्र सोडून मोकळा झाला. ते रडार अमेरिकेच्याच पॅट्रियटचे होते. एका यंत्राने मित्राला शत्रू ठरवले, दुसऱ्या यंत्राने ते वैमानिकाला कळवले, आणि सुदैवाने त्यात कोणी मेले नाही. अमेरिकेच्या संरक्षण विज्ञान मंडळाने नंतर म्हटले की पॅट्रियटचे कामकाज बव्हंशी स्वयंचलित होते आणि ऑपरेटरांना यंत्रावर विश्वास ठेवायचेच प्रशिक्षण दिलेले होते. आपल्याकडे 27 फेब्रुवारी 2019 रोजी बडगामला आपल्याच क्षेपणास्त्राने आपले एमआय-17 हेलिकॉप्टर पडले, हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. मित्र-शत्रू ओळखणारी यंत्रणा तिथेही कामी आली नव्हती, आणि हवाई दलप्रमुखांनी ती मोठी चूक असल्याचे उघडपणे मान्य केले.

राजा परशुरामन या भारतात जन्मलेल्या आणि अमेरिकेत नाव कमावलेल्या मानसशास्त्रज्ञाने 1997 मध्ये व्हिक्टर रायली यांच्यासह या दोन टोकांची फार सरळ मांडणी केली. यंत्रावर गरजेपेक्षा जास्त विसंबणे हा त्याचा गैरवापर, आणि खोट्या इशाऱ्यांना कंटाळून ते बाजूला सारणे हा त्याचा अव्हेर. याखेरीज माणसाला काय झेपेल याचा विचार न करता रचनाकाराने आणि व्यवस्थापनाने ऑटोमेशन लादणे, हा तिसरा दोष त्यांनी वेगळा काढला. माझ्या मते पहिल्या दोहोंचे मूळ बहुतेक वेळा या तिसऱ्यात सापडते. लिझान बेनब्रिज यांनी त्याआधी, 1983 मध्येच, ऑटोमेशनमधली विसंगती दाखवून दिली होती: सोपे काम यंत्राला दिले की माणसाच्या वाट्याला अवघड तेवढे उरते, आणि ते अवघड काम करण्याचा सराव मात्र सोप्या कामातूनच व्हायचा असतो.

हे सारे कारखान्याला, वीजकेंद्राला, प्रवासी विमानालाही लागू आहे. इलेक्ट्रॉनिक वॉरफेअरची गोष्ट आणखी एका बाबतीत वेगळी पडते, आणि मला जे म्हणायचे आहे ते इथेच आहे. कारखान्यातला सेन्सर बिघडतो तो आपोआप; त्यामागे कुणाचा डाव नसतो. इथे समोर बसलेला शत्रू आपल्या यंत्राने चुकावे म्हणून रात्रंदिवस खपत असतो. त्याचे रडार शांततेत एका पद्धतीने चालते आणि काही पद्धती तो फक्त युद्धासाठी राखून ठेवतो, म्हणजे आपल्या लायब्ररीत त्या सापडू नयेत. 1973 च्या ऑक्टोबरमधल्या युद्धात इजिप्त आणि सीरियाकडच्या सॅम-6 क्षेपणास्त्रांनी इस्रायली वैमानिकांना असेच गाठले. त्यांचे मार्गदर्शन अखंड लहरींवर चालत असे आणि विमानांवरचे इशारायंत्र स्पंदांना कान देणारे होते, त्यामुळे ते गप्प राहिले. वैमानिकाने त्या गप्प राहण्याचा अर्थ ‘धोका नाही’ असा घेतला. यंत्राला मात्र ‘मला काही ऐकू येत नाही’ आणि ‘ऐकण्यासारखे काही नाही’ यांतला फरक सांगण्याची सोयच दिलेली नव्हती.

म्हणून जॅमिंग आणि फसवणूक यांचे अंतिम लक्ष्य रिसीव्हर नसून त्याच्यामागच्या माणसाचा यंत्रावरचा भरवसा असतो, असे मला वाटते. वारंवार खोटे इशारे उठवून तो भरवसा उडवता येतो आणि मग खरा हल्ला करता येतो. किंवा बराच काळ यंत्राला अचूक राहू देऊन तो भरवसा घट्ट करता येतो आणि नेमक्या वेळी यंत्राला खोटे बोलायला लावता येते. दोन्ही डाव जुने आहेत. आपली यंत्रणा आपली अनिश्चितता लपवून फक्त ठसठशीत चिन्ह दाखवत असेल, तर शत्रूचे अर्धे काम आपल्याच रचनाकाराने करून ठेवलेले असते.

हे आता लष्करापुरतेही राहिलेले नाही. पश्चिम आशियाच्या आकाशात गेली काही वर्षे जीपीएसचे खोटे सिग्नल पसरवले जातात आणि प्रवासी विमानांची यंत्रे आपण भलत्याच ठिकाणी आहोत असे समजू लागतात. आमच्या भागातून आखाती देशांत कामाला जाणारी मुले ज्या विमानांत बसतात, तीच ही विमाने. नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही याबाबत विमान कंपन्यांसाठी परिपत्रक काढले. स्थान चुकले की जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा हजारो फुटांवर असतानाही ‘वर घ्या, वर घ्या’ असे बजावू लागते, आणि कधी कधी खोट्या सिग्नलांचा टापू मागे पडल्यावरही ती गोंधळलेलीच राहते. या इशाऱ्यावर क्षणाचाही विचार न करता विमान वर घ्यायचे, हे वैमानिकांच्या अंगी पिढ्यानपिढ्या बाणवले गेले आणि त्याने असंख्य जीव वाचले. आता तोच इशारा खोटा असू शकतो, हे त्यांना अनुभवाने कळते आहे. खोटा सिग्नल सोडणाऱ्याचा रोख प्रवासी विमानावर नसेलही, पण डोंगराळ विमानतळावर उतरताना एखादा वैमानिक खऱ्या इशाऱ्यापुढे दोन सेकंद घुटमळला तर त्या घुटमळण्याचे मूळ दूरच्या कुठल्यातरी जॅमरमध्ये असेल.

मग रचना कशी असावी? परशुरामन, शेरिडन आणि विकन्स या संशोधकांनी 2000 साली सुचवलेली एक पायरीवार विभागणी मला या कामी उपयोगी वाटते. माहिती गोळा करणे, तिचा अर्थ लावणे, काय करायचे ते ठरवणे आणि ते करणे, या चार पायऱ्यांवर ऑटोमेशनचे प्रमाण वेगवेगळे ठेवता येते. पहिली पायरी पूर्णपणे यंत्राची, यात वाद नाही. चौथीही पुष्कळदा यंत्राची असावी, कारण चॅफ सोडायला माणसाच्या हाताची वाट बघण्यात अर्थ नाही. तो वाया गेला तरी कोणी मरत नाही. क्षेपणास्त्र सोडण्याचे तसे नाही. माझी तक्रार दुसऱ्या पायरीबद्दल आहे. अर्थ लावण्याचे काम यंत्र करते आणि तो अर्थ वस्तुस्थितीसारखा पडद्यावर मांडते. तिथे पहिल्या पसंतीच्या जोडीला दुसरी पसंतीही दिसायला हवी, जुळणी किती पक्की आहे हे दिसायला हवे, आणि जे यादीत सापडले नाही ते जवळच्या नावाखाली न खपवता ‘अनोळखी’ म्हणूनच दाखवायला हवे. रचनाकार यावर म्हणतात की इतके दाखवले तर ऑपरेटर गोंधळेल. पडदा खच्चून भरला तर तो गोंधळेलच. पण हवे तेव्हा एक बटण दाबून यंत्राचे कारण बघता येणे आणि सतत सगळे डोळ्यांसमोर असणे, या वेगळ्या गोष्टी आहेत.

भाच्याने यात आवाजाची भर घातली. जुन्या यंत्रांत रडारचे स्पंद जवळपास जसेच्या तसे कानात येत. शोध घेणारे रडार फिरता फिरता एकदा स्पर्श करून जायचे, मग पुन्हा काही सेकंदांनी. तेच रडार एका जागी खिळले की आवाज अखंड घरघरीत बदलायचा. नव्या यंत्रांत पुष्कळदा तयार केलेले सूर वाजतात, स्वच्छ आणि ठरावीक. “यंत्रानं शत्रूचं नाव चुकीचं लावलं, तर सूरबी चुकीचाच वाजणार ना, मामा,” तो म्हणाला, “कच्चा आवाज असला तर निदान कान म्हणतो, हे काहीतरी वेगळंय.” कच्चा आवाज ऐकायची सोय ठेवायला फारसा खर्च येत नाही. तरी ती काढून टाकली जाते, कारण निविदेच्या गुणतक्त्यात तिला रकाना नसतो, असा माझा संशय आहे.

आता लायब्ररीवर न विसंबता स्वतः शिकणारी यंत्रे येऊ घातली आहेत. अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेने गेल्या दशकातच, कधी न ऐकलेल्या रडारचा स्वभाव ओळखून त्याच्यावर तिथल्या तिथे जॅमिंग बेतणाऱ्या यंत्रांचे प्रकल्प हाती घेतले होते. रडारेही आता सॉफ्टवेअरने क्षणाक्षणाला आपली चाल बदलतात, त्यामुळे या वाटेने जाणे अटळ आहे, आणि हैदराबाद-बंगळूरच्या आपल्या प्रयोगशाळांनाही जावे लागेल. पण शिकणारे यंत्र कशावरून शिकले, हे त्याच्या कर्त्यालाही नेमके सांगता येत नाही. आणि ज्याला शिकवता येते त्याला शत्रूही खोटे शिकवू शकतो. अशा यंत्रासमोर माणूस बसवून ‘अंतिम निर्णय माणसाचाच’ असे कागदावर लिहिले, पण निर्णय घेण्यासाठी त्याला सेकंदभराचा वेळ आणि एकच चिन्ह दिले, तर तो माणूस निर्णयासाठी नसून चौकशीत नाव घालण्यासाठी बसवलेला असतो. व्हिन्सेन्सच्या काळात निदान नोंदी तपासून चूक कुठे झाली हे सांगता आले. यापुढच्या यंत्रांत ऑपरेटरला त्या क्षणी काय दिसले आणि यंत्राला आतून काय वाटत होते, या दोन्हींची जोडनोंद सक्तीची असावी, आणि ती पुढच्या प्रशिक्षणात त्याच ऑपरेटरला दाखवली जावी.

आणि सरावाबद्दल. भाच्याला विचारले की सरावात तुम्ही किती धोके अचूक ओळखत होतात. तो हसला. “सराव कधी सुरू होणार, हे सगळ्यांना ठाऊक असतंय, मामा. दहाला म्हणले की साडेनऊपासून सगळेच डोळे ताणून बसतात.” अशा सरावातून निघालेला अचूकतेचा आकडा हा पहिल्या अर्ध्या तासातल्या माणसाचा आकडा आहे, मॅकवर्थ यांच्या तबकडीसमोर दीड तास बसलेल्या माणसाचा नाही. तो आकडा घेऊन यंत्रणा मंजूर होते, आणि मग ती रोजच्या, काहीच न घडणाऱ्या वॉचवर बसवली जाते. एखादी तरी चाचणी न सांगता घेतली जावी, मध्यरात्रीनंतरच्या वॉचच्या तिसऱ्या तासाला घेतली जावी, लायब्ररीतली एक नोंद मुद्दाम चुकीची ठेवून घेतली जावी, आणि तिचा निकाल ऑपरेटरच्या सेवापुस्तकात न जाता सरळ रचनाकाराच्या टेबलावर जावा.